लशीतलं ते ‘नवीन अक्षर’ शास्त्रज्ञांनी बनवलेलं नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

विज्ञान पुरवणीत एमआरएनए लशींवर (एमआरएनए म्हणजे प्रोटीन बनवायचा संदेश नेणारा आरएनए) जो मोठा लेख आला तो वाचला आणि नंतर त्यावर छापलेली वाचकांची पत्रं पण वाचली. लेख चांगलाय, भाषा सोपी आहे, उगाच घाबरवलेलं नाही, त्यामुळे आधी लेखकाचं कौतुक. पण त्यात एक वाक्य असं आहे की शास्त्रज्ञांनी निसर्गात नसलेलं एक नवीन अक्षर तयार केलं आणि ते आरएनएमध्ये घातलं म्हणून लस यशस्वी झाली. आणि एका वाचकाने नेमकं तेच वाक्य उचलून पुढे लिहिलंय की असलं अनैसर्गिक केमिकल शरीरात गेलं की ते कायमचं राहणार, त्याचा निचरा करायची सोयच शरीराकडे नाही. म्हणजे एकाने कौतुकाने लिहिलं, दुसऱ्याने भीतीने वाचलं, पण चूक दोघांची एकच आहे. त्याबद्दल हे पत्र. थोडं लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कापा पण एन्झाइमचा भाग तेवढा ठेवा, कारण खरी गोष्ट तिथेच आहे आणि तीच कुणी सांगत नाही.

आरएनएची चार अक्षरं आपण शाळेत शिकतो, ए, यू, जी, सी, आणि परीक्षेला तेवढं पुरतं. पण पेशीतला खराखुरा आरएनए काढून तपासला तर त्यात या चारांपलीकडे बरंच काही सापडतं. आरएनएची साखळी तयार झाल्यावर पेशी त्यावर परत हात फिरवते, इथे एक मिथाइल ग्रुप लाव, तिथे एखादा अणू बदल, असे आजपर्यंत १७० च्या वर रासायनिक बदल माहीत झालेत. त्यातला सगळ्यात आधी सापडलेला आणि प्रमाणाने सगळ्यात जास्त असलेला बदल म्हणजे स्यूडोयुरिडीन, ग्रीक अक्षरावरून त्याला नुसतं ‘साय’ पण म्हणतात. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज लॅबमध्ये वाल्डो कोन आणि एलियट व्होल्किन आरएनएचे तुकडे कॉलममधून वेगळे करत होते, तेव्हा त्यांना नेहमीच्या चारांमध्ये न बसणारं काहीतरी मिळालं. पुढची काही वर्षं त्याला ‘पाचवं न्यूक्लिओटाइड’ असंच म्हणायचे, कारण ते नेमकं काय आहे हे कळायला ते दशक जवळजवळ संपावं लागलं. एक गोष्ट लक्षात घ्या, डीएनएच्या दुहेरी वळणाचा शोध १९५३ चा, म्हणजे हे ‘नवीन’ अक्षर त्याच्याही आधी सापडलेलं आहे.

आता हा बदल नेमका काय ते. यू म्हणजे युरिडीन, त्यात रायबोज नावाची साखर असते आणि तिला युरॅसिलची रिंग जोडलेली असते, आणि हा जोड रिंगच्या एका नायट्रोजनमधून असतो. साय मध्ये तो जोड तोडून रिंग फिरवली जाते आणि तीच रिंग त्याच साखरेला आता एका कार्बनमधून परत जोडली जाते, बस एवढंच. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढावं, फिरवावं आणि दुसऱ्या कडेच्या भोकातून परत टांगावं तसं, कागद तोच, वजन तेच, फक्त आधी खिळ्याकडे असलेली कड आता मोकळी झाली. एक अणू वाढला नाही की कमी झाला नाही. पण तो मोकळा झालेला नायट्रोजन आता एक जास्तीचा हायड्रोजन बॉन्ड करू शकतो, त्याने आजूबाजूची साखळी थोडी ताठ होते, शेजारची अक्षरं एकमेकांवर जास्त नीट बसतात. ए बरोबरची जोडी मात्र पूर्वीसारखीच जमते, म्हणून संदेश वाचताना यू च्या जागी साय असला तरी अर्थ सहसा तोच लागतो. हे पुढे लशीच्या वेळी महत्त्वाचं ठरलं.

वजन तेच असल्यामुळे एक गंमत झाली, म्हणजे संशोधन करणाऱ्यांसाठी ती गंमत नव्हती, डोकेदुखी होती. मास स्पेक्ट्रोमीटर पदार्थ ओळखतो तो वजनावरून, आणि इथे वजनात काही फरकच नाही, त्यामुळे नुसत्या वजनावरून यू कुठला आणि साय कुठला हे कळेना. मग सीएमसी नावाचं एक केमिकल वापरायची युक्ती निघाली, ते साय ला घट्ट चिकटून राहतं, आणि आरएनएची कॉपी करणारं एन्झाइम त्या जागी अडखळून थांबतं, आणि जिथे थांबलं त्याच्या शेजारी साय आहे असं समजायचं. १९९३ पासून ही पद्धत एकेका जागेसाठी वापरत होते आणि २०१४ मध्ये तीच सीक्वेन्सिंगला जोडून पेशीतल्या सगळ्या आरएनएवर एकदम लावली, तेव्हा कळलं की एमआरएनएवर पण साय आहे आणि तो शेकडो जागी आहे. म्हणजे तुमच्या लेखात ज्याला निसर्गात नसलेलं म्हटलंय ते आपल्या स्वतःच्या एमआरएनएवर पण नैसर्गिकरीत्या असतं, टीआरएनए (प्रोटीन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए) आणि रायबोझोम (प्रोटीन बनवणारं पेशीतलं यंत्र) यांच्यात तर ते भरपूर असतंच.

आता हे करतं कोण? तर स्यूडोयुरिडीन सिंथेज नावाची एन्झाइम्स, आणि माझ्या मते हा बायोकेमिस्ट्रीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सुंदर प्रकार आहे. विचार करा, एन्झाइमला आधी लांबलचक आरएनएमधला नेमका एक यू शोधायचाय, तो आत वळलेला असेल तर बाहेर काढायचाय, मग साखर आणि रिंगमधला जोड तोडायचा, सुटी झालेली रिंग पळून जाऊ द्यायची नाही, तिथल्या तिथे तिला फिरवायचं आणि परत जोडायचं, आणि हे सगळं करताना आरएनएची साखळी तुटता कामा नये. आणि याला इंधन काही लागत नाही, एटीपी नाही, को-फॅक्टर नाही, काही नाही. या एन्झाइम्सच्या सहा फॅमिली आहेत, बॅक्टेरियातल्या नावांवरून ट्रूए, ट्रूबी, ट्रूडी, आरएसयूए, आरएलयूए, आणि सहावी पीयूएस-१० जी आर्किया (बॅक्टेरियांसारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) आणि आपल्यासारख्या प्राण्यांमध्ये सापडते. यांची अमिनो आम्लांची क्रमवारी एकमेकांशी फारशी जुळत पण नाही, तरी आतला मुख्य सांगाडा तोच, आणि ऐन कामाच्या जागी प्रत्येकात एक अस्पार्टेट (एक अमिनो आम्ल) असतोच असतो. तो बदलला की एन्झाइम ठप्प. तो अस्पार्टेट नेमकं काय करतो, रिंगवर हल्ला करतो की साखरेवर की नुसता एक प्रोटॉन काढून घेतो, यावर लोक वर्षानुवर्षं भांडलेत आणि एकेका प्रयोगाने पारडं इकडून तिकडे झुकत राहिलं.

ट्रूबीचं उदाहरण मुद्दाम देतो. टीआरएनएमध्ये ५५ व्या जागी जवळजवळ सगळ्या सजीवांत साय असतो, बॅक्टेरियात तो ट्रूबी करतो, यीस्टमध्ये त्याचा भाऊबंद पीयूएस-४. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टच्या अ‍ॅलानिन टीआरएनएची पूर्ण अक्षरमाला वाचली, जगातला पहिला न्यूक्लिक अ‍ॅसिडचा संपूर्ण वाचलेला रेणू तो, त्यातही साय होता, आणि हॉलींना १९६८ मध्ये हरगोविंद खोराना आणि निरेनबर्ग यांच्याबरोबर नोबेल मिळालं. इतकं सगळीकडे आढळणारं अक्षर म्हणजे ते नसेल तर पेशी मरत असेल असं कुणालाही वाटेल. पण ई. कोलाय या बॅक्टेरियामधून ट्रूबीचं जीन काढून टाकलं तर बॅक्टेरिया आरामात वाढतात! फक्त नेहमीच्या बॅक्टेरियांबरोबर एकाच फ्लास्कमध्ये वाढवले तर हळूहळू मागे पडतात. आणि त्याहून विचित्र म्हणजे ज्याचा तो अस्पार्टेट बदललाय, म्हणजे जो साय बनवूच शकत नाही असा ट्रूबी परत दिला तरी बॅक्टेरिया सावरतात. म्हणजे हे एन्झाइम रासायनिक बदल तर करतंच पण त्याच वेळी टीआरएनएला धरून नीट घडी घालायला पण मदत करतं, आणि या जागी तरी ते दुसरं काम जास्त मोलाचं दिसतं. बदल महत्त्वाचा की बदल करणारा महत्त्वाचा, असा प्रश्न आरएनएच्या क्षेत्रात अजून बऱ्याच एन्झाइम्सबद्दल विचारला जातोय.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. ट्रूए टीआरएनएच्या ३८ ते ४० या जागांवर काम करतो, म्हणजे कोडॉन (एमआरएनएवरचे तीन-तीन अक्षरांचे शब्द) वाचणाऱ्या भागाच्या अगदी जवळ. साल्मोनेलामध्ये याच्या जीनला आधी हिसटी म्हणायचे कारण ते बिघडलं की हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जीन्सवरचा ताबा सुटायचा, आणि १९७२ मध्ये ब्रूस एम्स यांच्या ग्रुपने दाखवलं की त्या म्युटंटच्या हिस्टिडीन टीआरएनएमध्ये दोन साय गायब आहेत. (हो, कॅन्सर करणारी केमिकल्स ओळखायची एम्स टेस्ट ज्यांची तेच हे एम्स.) दोन रिंगा फिरल्या नाहीत एवढ्याने अख्खी यंत्रणा चुकते, म्हणजे इथे बदलच महत्त्वाचा.

माणसात अशी १३ एन्झाइम्स आहेत आणि त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा फार वेगळं, डिसकेरिन. बॅक्टेरियात कशी व्यवस्था असते, की प्रत्येक जागेसाठी किंवा दोनचार जागांसाठी वेगळं एन्झाइम, ई. कोलायच्या रायबोझोमल आरएनएमध्ये ११ साय आहेत त्यामुळे तसं जमून जातं. पण माणसाच्या रायबोझोमल आरएनएमध्ये ते साधारण १०० आहेत, मग १०० एन्झाइम्स बनवायची का? तर नाही, पेशीने एकच एन्झाइम ठेवलंय आणि त्याला पत्ता सांगायला छोटे छोटे गाइड आरएनए ठेवलेत, बॉक्स एच/एसीए नावाचे. गाइडमध्ये एक मोकळा खिसा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं रायबोझोमल आरएनएशी जोडी जमवतात आणि ज्या यू ला फिरवायचंय तो बरोबर मधे उघडा पडतो, डिसकेरिनच्या समोर. जागा बदलायची तर नुसता गाइड बदला, एन्झाइम तेच. हे १९९७ मध्ये उघड झालं. आरएनएच्या मदतीने पत्ता शोधणारं एन्झाइम म्हटलं की हल्ली सगळ्यांना जीन एडिटिंगचं क्रिस्पर आठवतं, पण ही पद्धत आपल्या पेशींच्या न्यूक्लिओलसमध्ये (केंद्रकातल्या रायबोझोम बनवायच्या जागेत) फार आधीपासून चालू आहे आणि तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही ही माझी जुनी तक्रार.

आणि हे बिघडलं तर काय होतं ते पण सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं पुस्तकी वाटेल. १९९८ मध्ये डिसकेरिनचं जीन सापडलं तेच मुळी एका आजारामुळे, डिसकेराटोसिस कंजेनिटा, ज्यात नखं खराब होतात, त्वचेवर जाळीसारखे डाग पडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि पुढे बोन मॅरो निकामी होत जातो. जीन एक्स क्रोमोझोमवर आहे म्हणून हा प्रकार मुलग्यांत जास्त. इथे लगेच असं म्हणू नये की साय कमी पडला म्हणून आजार झाला, कारण पुढच्याच वर्षी कळलं की डिसकेरिन टेलोमरेजच्या (क्रोमोझोमची टोकं सांभाळणाऱ्या एन्झाइमच्या) आरएनएला पण धरून ठेवतं, आणि या रोग्यांचे टेलोमिअर, म्हणजे तीच टोकं, फार आखूड असतात, त्यामुळे मुख्य दोष तिकडे जातो. रायबोझोमवरच्या कमी झालेल्या साय चा त्यात वाटा किती यावर अजून वाद आहे. पीयूएस-१ चं जीन बिघडलं तर मात्र वेगळा आजार, स्नायू थकतात, रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं आणि लाल पेशींमध्ये लोह नको तिथे साठून अ‍ॅनिमिया होतो, हे २००४ मध्ये कळलं. पीयूएस-३ आणि पीयूएस-७ मधल्या दोषांमुळे मुलांची बौद्धिक वाढ खुंटते. हे सगळे फार दुर्मिळ आजार आहेत, पण एक रिंग फिरवणं हे शरीरासाठी किती मनावर घेण्यासारखं काम आहे ते यावरून कळतं. अजून एक, कॅन्सरवरचं ५-फ्लुरोयुरॅसिल हे जुनं औषध, त्याचं प्रसिद्ध टार्गेट वेगळं आहे, पण ते आरएनएमध्ये पण शिरतं आणि ही एन्झाइम्स तिथे यू समजून हात घालायला जातात आणि अडकून बसतात. औषधाचा थोडा परिणाम आणि थोडे साइड इफेक्ट या वाटेने पण होतात असं मानतात.

आता येतो लशीवर. एमआरएनए लशींचा पाया घालणारे शास्त्रज्ञ कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांची झेरॉक्स मशीनपाशी झालेली ओळख आता सगळ्यांना पाठ झालीय, तुमच्या लेखात पण आहेच. पण त्यांनी नेमकं काय केलं ते लेखात घाईत उरकलंय. लॅबमध्ये बनवलेला एमआरएनए दिला की डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी) खवळायच्या, इन्फेक्शन झाल्यासारख्या. मग त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचा आरएनए देऊन बघितला, तर बॅक्टेरियाचा दिला की पेशी खवळतात, मायटोकॉन्ड्रियाचा दिला तरी खवळतात, पण सस्तन प्राण्यांचा टीआरएनए दिला तर शांत. आणि सस्तन प्राण्यांच्या टीआरएनएमध्ये काय जास्त असतं? हेच सगळे बदल. म्हणजे सूत्र त्यांना निसर्गातूनच मिळालं, आपल्या पेशी आपल्या आरएनएवर ज्या खुणा करतात त्या असल्या की बचावयंत्रणा त्याला परका मानत नाही. मग त्यांनी एकेक बदललेलं अक्षर घालून आरएनए बनवले, त्यात साय होता, एम-सिक्स-ए (मिथाइल लावलेला ए) होता, आणखी काही होते, आणि २००५ मध्ये पेपर आला की असे बदल असलेला आरएनए टीएलआर-३, ७ आणि ८ या सेन्सर्सना फारसा चाळवत नाही. २००८ मध्ये कळलं की साय घातला तर प्रोटीन पण जास्त बनतं. २०२३ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं ते यासाठी. नवीन अक्षर तयार करण्यासाठी नाही.

बरं मग लशीत जे आहे ते काय? तर तिथे साय ला अजून एक मिथाइल ग्रुप लावलेला असतो, तोही त्याच मोकळ्या झालेल्या नायट्रोजनवर, त्याला एन-१-मिथाइल-स्यूडोयुरिडीन म्हणतात. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना दोघांनी हेच वापरलं. इथे एखादा म्हणेल की हे तरी माणसाने बनवलेलं असेल, तर नाही, आर्कियाच्या टीआरएनएमध्ये ५४ व्या जागी नेमकं हेच असतं, आधी पीयूएस-१० रिंग फिरवतं आणि मग टीआरएमवाय नावाचं एन्झाइम मिथाइल लावतं. आणि आपल्या स्वतःच्या प्रत्येक रायबोझोममध्ये, छोट्या भागाच्या आरएनएवर एका जागी, ईएमजी-१ नावाचं एन्झाइम साय च्या याच नायट्रोजनवर मिथाइल लावतं, पुढे त्यावर अजून एक तुकडा जोडला जातो हा फरक, पण पाया तोच. तर अक्षर ओळखीचं आहे. अनोळखी काही असेल तर ते प्रमाण! पेशीत एन्झाइम निवडून निवडून एकेका जागी बदल करतं. लशीत मात्र एन्झाइमने केलेला बदल नसतोच, तिथे टी-७ पॉलिमरेज हे एन्झाइम आरएनए बनवत असताना त्याला यू चा साठा दिलाच जात नाही, त्याऐवजी थेट हे बदललेलं अक्षर दिलं जातं, त्यामुळे फायझरच्या लशीतल्या ४२८४ अक्षरांच्या साखळीत जिथे जिथे यू हवा तिथे तिथे तेच बसतं. असा १०० टक्के बदललेला एमआरएनए कुठल्याही पेशीत सापडणार नाही. लेखकाला निसर्गात नसलेलं असं काही लिहायचंच असेल तर हे लिहावं, ते खरं आहे.

आणि याचे परिणाम पण आहेत, ते लपवायची काही गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की अशा एमआरएनएवर रायबोझोम काही निसरड्या जागी कधीकधी एक अक्षर पुढे घसरतो आणि मग तिथून पुढे थोडं वेगळंच प्रोटीन बनतं. लस घेतलेल्या काही लोकांच्या टी-पेशी त्या चुकीच्या तुकड्यांना ओळखतात असं पण दिसलं. त्याचा त्रास झाल्याचं मात्र आढळलं नाही, आणि त्याच पेपरमध्ये उपाय पण दिलाय, की त्या निसरड्या जागांची अक्षरं अशी बदलायची की अमिनो आम्ल तेच राहील पण घसरण थांबेल. ही बातमी आली तेव्हा अर्ध्या लोकांनी ‘लशीत घोटाळा’ म्हणून पुढे पाठवली आणि उरलेल्यांनी काही झालंच नाही असं दाखवलं, दोन्ही चूक. दुसऱ्या बाजूला क्युअरव्हॅक कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांनी पहिल्या कोविड लशीत अक्षरं न बदलता साधाच यू ठेवला होता आणि २०२१ मध्ये परिणामकारकता ५० टक्क्यांच्या आतच राहिली, फायझर आणि मॉडर्नाची चाचण्यांत ९४-९५ टक्के होती. याचं सगळं कारण यू नाही, तोवर व्हायरसचे नवीन व्हेरियंट आले होते आणि त्यांचा डोस पण फक्त १२ मायक्रोग्रॅम होता, पण डोस कमी का ठेवावा लागला असेल याचा विचार केला तर गोष्ट फिरून परत त्या न बदललेल्या अक्षरापाशीच येते असं मला वाटतं. पुढच्या पिढीच्या लशीत त्यांनी पण बदललेलं अक्षर घेतलंच.

आता त्या वाचकांचा मुद्दा, की शरीराकडे याचा निचरा करायची सोय नाही. यात एक कण खरा आहे आणि म्हणूनच तो नीट सांगायला हवा. साधा यू शरीर तोडतं, रिंग आणि साखर वेगळी करतं आणि परत वापरतं. साय मधला कार्बन-कार्बनचा जोड मात्र माणसाच्या शरीराला तोडता येत नाही, बॅक्टेरियाकडे त्यासाठी खास एन्झाइम आहे पण आपल्याकडे नाही. साय चा परत यू करणारं एन्झाइम पण आजवर सापडलेलं नाही, एम-सिक्स-ए चा मिथाइल ग्रुप जसा एफटीओ हे एन्झाइम काढतं तसा इथे काही प्रकार नाही. मग साय जातो कुठे? लघवीतून जातो, आहे तसा. आपल्या पेशींमधले टीआरएनए आणि रायबोझोम रोज झिजतात, मोडतात, आणि त्यातला साय रोज किडनीतून बाहेर पडतो, लस घेतलेली असो वा नसो. इतका नेमाने पडतो की शरीरात आरएनएची मोडतोड किती होतेय ते मोजायला लघवीतला साय वापरतात, आणि किडनी कमी काम करायला लागली की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं म्हणून तिकडेही त्याचा उपयोग बघतात. म्हणजे तोडायची सोय नाही हे बरोबर, पण बाहेर टाकायची आहे, आणि जन्मापासून चालू आहे.

मात्र तुमच्या लेखातलं ‘लशीतला आरएनए काही तासांत संपतो’ हे वाक्य पण तपासून घ्या. बहुतेक आरएनए लवकर मोडतो हे ठीक आहे, पण २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दुसऱ्या डोसनंतर लिम्फ नोडमध्ये ६० दिवसांपर्यंत लशीचा आरएनए सापडला होता. लिम्फ नोडमध्येच प्रतिकारशक्तीचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट लस इतकी चांगली का चालली याचं एक कारण कदाचित त्यातच असेल. पण तुम्ही काही तास लिहायचं आणि वाचकाला दुसरीकडे ६० दिवस वाचायला मिळायचं, मग तो तुमच्यावर विश्वास का ठेवेल?

तर विनंती अशी. एक, ते ‘निसर्गात नसलेलं नवीन अक्षर’ वालं वाक्य दुरुस्त करून पुढच्या पुरवणीत छापा, निदान ऑनलाइन आवृत्तीत तरी बदला कारण लोक तिथूनच उचलून पुढे पाठवतायत. दोन, कधीतरी या एन्झाइम्सवर स्वतंत्र लेख येऊ द्या, जमल्यास डिसकेरिन आणि गाइड आरएनएवर, आणि ज्यांनी १९५० च्या दशकापासून आरएनएतली विचित्र अक्षरं मोजण्यात आयुष्यं घालवली त्यांच्यावर, तेव्हा त्याचा लशीशी काही संबंध येईल असं त्यांच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि लेखाबरोबर जे रंगीत चित्र छापलंय, खाली ‘एमआरएनएचा रेणू’ असं लिहिलेलं, ते दुहेरी वळणाचं चित्र डीएनएचं आहे. एमआरएनए एकेरी असतो. तेही बदला.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक